व्हाया होटगी

जवळजवळ प्रत्येक इमारतीत असा एक तरी गृहस्थ असतो, की ज्याची विश्रांती बाकीच्यांना बघवत नाही. तो काही वाईट करत नसतो. दारू पीत नसतो, पत्ते कुटत नसतो, मोठ्याने रेडिओ लावत नसतो. पण तो जे करतो त्यातून त्याला काय मिळतं हे कुणाला कळत नाही, आणि न कळणारी गोष्ट बंद पाडावी असं आपल्याकडे सगळ्यांनाच मनापासून वाटतं. कुणी रविवारी दुपारी घरातले सगळे पंखे उतरवून पुसतो. कुणी भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढतो, बघतो आणि तेच पुन्हा घालतो. माझ्या ओळखीचे एक जण कचेरीतून वैतागून आले की इस्त्री तापवतात आणि कपाटातले कडक इस्त्रीचे शर्ट बाहेर काढून त्यांना पुन्हा इस्त्री करतात. या जमातीतला आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतला नमुना म्हणजे टाइमटेबलकाका.

हे नाव पोरांनी ठेवलं आणि दारावरच्या पाटीपेक्षा ते जास्त चाललं. काका फोर्टमधल्या एका सहकारी बँकेत आहेत, निवृत्ती आता हाकेच्या अंतरावर आलीय. सकाळी फास्ट लोकलमध्ये घुसतात, संध्याकाळी लोकलमधून बाहेर फेकले जातात. घरी येऊन हातपाय धुतात, चहा घेतात आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून रेल्वेचं वेळापत्रक उघडतात. मांडीवर स्टीलची पट्टी, कानावर लाल पेन्सिल. आधी तक्ता, मग तक्त्याखालची तळटीप, तळटिपेने पाठवलेलं दुसरं पान, त्या पानावरची आणखी एक तळटीप. पट्टी ओळीखाली धरली की शेजारच्या गाडीची वेळ डोळ्यांत घुसत नाही, असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. लोक शेजारच्याच्या पगारात डोकावतात. काका शेजारच्या गाडीच्या वेळेतसुद्धा डोकावत नाहीत.

नवा माणूस इथे हमखास फसतो.

"काय काका, कुठे निघालात?"

"गोंदियाला."

"अरे वा! कधी?"

"आत्ता मिरज सोडलं."

नवा माणूस मग काकूंकडे बघतो. काकू भाजी निवडत मान हलवतात. त्या मान हलवण्यात तीस वर्षांचा संसार असतो.

गंमत म्हणजे काका प्रवास करत नाहीत. वर्षातून एकदा गणपतीला संगमेश्वरला जातात, मे महिन्यात काकूंच्या माहेरचं कार्य असलं तर साताऱ्याला. संपलं. ज्या लोकलने त्यांना आयुष्यभर पिळून काढलं, त्या लोकलच्या वेळापत्रकाला ते हातही लावत नाहीत. "लोकल ही गाडी नव्हे," ते म्हणतात. "ती नोकरीच आहे, फक्त आधी सुरू होते." गाडी म्हणजे जिला जंक्शन लागतं, जिच्यात अंथरूण घालून झोपता येतं आणि जिच्या नावापुढे पाच आकडी नंबर असतो ती. हे नंबर २०१० च्या डिसेंबरात चाराचे पाच आकडी झाले, तेव्हा काका काही दिवस गप्प गप्प होते. ओळखीच्या माणसाने अचानक आडनाव बदलावं तसं झालं, म्हणाले. मग बसून सगळे नवे नंबर पाठ केले.

कुठल्या तापावर कुठली गाडी, हे त्यांचं ठरलेलं आहे. काकू तर कोणतं पान उघडलंय एवढ्यावरून दिवस कसा गेला ते सांगतात. पाण्याचा टँकर आला नाही, केबलवाल्याने बिल दोनदा लावलं, असल्या किरकोळ कटकटीला नेरळ–माथेरान. १९०७ ची ती चिमुकली गाडी, वीसेक किलोमीटरला दोन तासांच्या वर वेळ खाणारी. "इतक्या हळू जाणाऱ्या गाडीत बसून माणूस चिडलेला राहूच शकत नाही," हे काकांचं मत. सोसायटीच्या सभेत ए विंग आणि बी विंग पार्किंगच्या पट्ट्यावरून एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोचल्या, की त्या रात्री काका सुरत–भुसावळ मार्गाने नवापूरला जातात. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातमध्ये. एकाच बाकाचा एक भाग इकडे, एक भाग तिकडे. "आणि लोक त्यावर गुपचूप बसून चहा पितात हो," काका सांगतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी असतात.

बँकेत ऑडिट लागलं की कोकण रेल्वे, आणि तीही पावसाळी वेळापत्रकाची. इतर मार्गांवर ऋतू नसतात. कोकण रेल्वे मात्र पाऊस आला की आपणहून सावकाश चालू लागते, वेळा बदलते आणि तसं छापून सांगते. काकांना ही सभ्यता वाटते. "बघा, डोंगर ढासळेल म्हणून आधीच वेग कमी करतात. आमच्याकडे ढासळल्यावर सर्क्युलर काढतात." उक्षी सुटलं की भोक्यापर्यंत कुणी काही बोलायचं नाही, कारण मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे आणि काका त्यात शिरलेले असतात. त्या वेळात दारावरची बेल वाजली तर काकू उठतात.

मुलीच्या बारावीच्या वर्षी, नंतरच्या सीईटीत आणि त्याहीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांत महाराष्ट्र एक्सप्रेसशिवाय दुसरी गाडी लागलीच नाही. कोल्हापूरला निघायचं, गोंदियाला उतरायचं. तेराशेच्या वर किलोमीटर, आणि राज्याबाहेर एक पाऊल नाही. पंचगंगेपासून वैनगंगेपर्यंत. पूर्वी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि सगळी गाडी उलट्या तोंडाने नगरकडे निघायची, हा काकांचा विशेष लाडका भाग. "पुढे चाललोय असं वाटत असताना अचानक मागे चाललोय असं वाटतं, पण पोचतो बरोबर," ते म्हणायचे. मुलगी तेव्हा तिसऱ्या फेरीत होती. पसंतीक्रम भरताना तिने रडत विचारलं, "बाबा, माझं काय होणार?" काकांनी पट्टी बाजूला ठेवली आणि तिला सांगितलं, "दौंड आहे हे. थांब जरा." तिला तेव्हा काही कळलं नाही. प्रवेश मात्र मिळाला.

आणि सर्वांत मोठ्या संकटाला सर्वांत लांबची गाडी. काकांच्या आईचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून दिब्रुगड–कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस काढली. चार हजारांच्या वर किलोमीटर, तीन दिवसांहून जास्त प्रवास. नातेवाईक येत होते, "धीर धरा" म्हणत होते, नारळपाणी ठेवत होते. एका आतेभावाने "अशा वेळी पुस्तक कसलं वाचतोस?" असं रागाने विचारलंही. काका ब्रह्मपुत्रेकाठी होते, त्यांना ऐकू गेलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन "सगळं व्यवस्थित" म्हणाले तेव्हा विजयवाडा आलं होतं. काकांनी तिथे लाल खूण केली आणि पुस्तक मिटलं. तिथून पुढचं कन्याकुमारीपर्यंतचं त्यांनी अजून वाचलेलं नाही. "राखून ठेवलंय," म्हणतात. "लागेल कधीतरी."

कागदावरच्या या प्रवासालाही कडक नियम आहेत. जागा नेहमी खिडकीची आणि खालची. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. गाडी बदलताना मध्ये किमान तासभर हवा, म्हणजे जेवता येतं. जेवण त्या स्टेशनचंच. कर्जतला वडा खाल्ल्याशिवाय घाट चढायचा नाही. तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात, आणि हा विषय निघाला की बँकेत इतकी वर्षं घासलेले काका हळवे होतात. "खरे बँकर ते. बोरघाट संपेपर्यंत मागून ढकलतात आणि लोणावळ्याला काही न बोलता सुटतात. नाहीतर आमचे!" विमानाचं नाव काढायचं नाही. विमानाला मध्ये स्टेशनंच नाहीत, मग बसायचं कशाला?

मुलाने एकदा कौतुकाने त्यांच्या मोबाइलवर गाडी आत्ता कुठे आहे ते दाखवणारं ॲप घालून दिलं. काकांनी ते एक संध्याकाळ पाहिलं आणि फोन मुलाच्या हातात परत दिला.

"काढून टाक हे. यात गाड्या उशिरा धावतात."

"बाबा, खऱ्या गाड्या उशिराच धावतात."

"त्या धावू देत. माझ्या गाडीला का उशीर करवतोस?"

काकांचं रक्तदाब प्रकरण निघालं तेव्हा खरा छळ सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, ताण कमी करा, एखादा छंद लावून घ्या. काकू म्हणाल्या, "छंद आहे हो, तो कसा सोडवायचा ते विचारायला आलोय." ही बातमी इमारतीत पसरली आणि ज्याला त्याला काकांना विश्रांती शिकवायची घाई झाली. स्वतःला विश्रांती न घेता आलेली माणसं या कामात फार उत्साही असतात.

पहिल्या मजल्यावरच्या एका शेजाऱ्यांनी काकांना हास्यक्लबात नेलं. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये बागेत चार माणसं जमवून हे हसणं सुरू केलं आणि ते जगभर गेलं, हे सगळं खरं. काकाही प्रामाणिकपणे हसले. हात वर करून हसले, सिंहासारखी जीभ बाहेर काढून हसले. फक्त मध्येच त्यांनी संचालकांना विचारलं, "हे हो-हो किती वाजता सुटतं?" दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणी बोलावलं नाही. मग एकवीस जूनला योगदिन आला. बी विंगमधल्या ताईंनी सगळ्यांना गच्चीवर शवासनात आडवं केलं आणि "आता तुम्ही हलके होत आहात, तरंगत आहात" असं सांगितलं. काका तरंगले नाहीत. ते खालच्या बर्थवर होते, आणि पुण्याला चहावाला चढला तेव्हा उठून बसले. मुलाने ध्यानाचं ॲप आणलं. त्यातली बाई इंग्रजीत कुजबुजत म्हणाली, डोळे मिटा, समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा. काकांनी आणला. समुद्रकिनाऱ्याला स्टेशन कुठलं जवळ, हे ठरवता ठरवता पंधरा मिनिटं संपली. मुलीने मोठ्या माणसांसाठीचं रंगवायचं पुस्तक आणि बारा रंगांच्या पेन्सिली दिल्या. पुस्तकातल्या नक्षीदार मोराला काकांनी विभागवार रंगवलं. पिसारा मध्य रेल्वे, मान पश्चिम, चोच कोकण.

शेजारच्या तरुण जोडप्याची विश्रांती मात्र सर्वमान्य आहे. ती दोघं दर महिन्याला 'चिल' करायला लोणावळ्याला जातात. शनिवारी पहाटे निघतात, घाटात गाड्यांच्या रांगेत अडकतात, दुपारी पोचतात, धरणावर गर्दी म्हणून गाडीतच बसतात, चिक्की घेतात आणि रविवारी रात्री परत त्याच रांगेत उभी राहतात. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये त्यांचे चेहरे बघवत नाहीत. पण त्यांना कुणी काही म्हणत नाही, कारण त्यांनी फोटो काढलेले असतात. काकांच्या गोंदियाचा फोटो नसतो. म्हणून त्यांचं डोकं फिरलंय.

हे सगळं काकांनी सोसलं असतं. त्यांचं वाटोळं झालं ते टीकेने नव्हे, कौतुकाने.

दिवाळीनंतरच्या सभेत कुणीतरी सोसायटीची सहल काढावी असं सुचवलं. कुठे, यावर नेहमीप्रमाणे भांडण झालं आणि सगळ्यांना सारखंच न आवडणारं ठिकाण म्हणून विजापूर ठरलं. गोलघुमट बघू, म्हणाले. आणि तेवढ्यात सेक्रेटरींना साक्षात्कार झाला. "अहो, आपल्याकडे टाइमटेबलकाका आहेत की! त्यांच्याकडेच देऊ. त्यांच्या ज्ञानाचा काहीतरी उपयोग होईल."

सभागृहात टाळ्या पडल्या. काका लाजले. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून हसले, तिच्यावरून लोक टाळ्या वाजवत होते. पहिले चार दिवस काका हवेत होते. काकू मात्र पहिल्याच रात्री मला म्हणाल्या, "बघा हं भाऊजी, आता हे आजारी पडणार."

मुंबईहून थेट विजापूरला जाता येतं. पण थेट जाणं काकांच्या स्वभावातच नाही. त्यांनी रात्रीच्या गाडीने सोलापूर, तिथे न्याहारी, मग दुसऱ्या गाडीने होटगीमार्गे विजापूर असा बेत आखला. होटगीला गाडी मुख्य मार्ग सोडून दक्षिणेकडे वळते, ते वळण सर्वांनी जागं राहून बघावं अशी त्यांची इच्छा होती. बेत कागदावर इतका देखणा होता, की त्यांनी तो दोन रंगांत लिहून नोटीस बोर्डावर लावला. त्यात सोलापूरच्या शेंगदाणा चटणीसाठी वीस मिनिटं राखून ठेवलेली होती.

मग तिकिटं काढायची वेळ आली. वेळापत्रक वाचणं आणि तिकीट काढणं यांच्यामध्ये केवढा घाट आहे हे काकांना तेव्हा कळलं. आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. त्या वेळी काका लोकलमध्ये एका पायावर उभे असतात, म्हणून त्यांनी रजा टाकली. माणसं बत्तीस. एका तिकिटावर सहाच नावं. म्हणजे सहा तिकिटं आणि शेवटच्यावर दोघंच, आणि ते दोघं म्हणजे नेमके ए विंगचे अध्यक्ष आणि बी विंगचे खजिनदार. आठ वाजून दोन मिनिटांनी साइट अडकली. आठ वाजून सहा मिनिटांनी पैसे गेले, तिकीट आलं नाही. काकांच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा वेटिंग लिस्ट आली. मग फोन सुरू झाले. मला वरचा बर्थ चालत नाही. आईला खालचा पाहिजे. आमच्या दोघांच्या डब्यात लहान मुलं नकोत. एसी नको, सर्दी होते. एसीच हवं, धूळ येते. "काका, विंडो पण द्या, आणि बाथरूमजवळ नको, आणि फार लांबही नको." काकांनी वही केली, तक्ता केला, तक्त्याखाली तळटिपा केल्या. पण या तळटिपा रात्री अकराला फोन करत होत्या.

काकूंनी मला एकदा हळूच दाखवलं: वेळापत्रकाचं पुस्तक कपाटावर गेलं होतं. त्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी होती.

प्रवासाचं काय सांगावं? कल्याणला रात्री गाडीत चढताना दोन बॅगा एका डब्यात आणि त्यांचे मालक दुसऱ्यात असा प्रकार झाला, तो पुण्यापर्यंत निस्तरला. पहाटे कुर्डुवाडीच्या अलीकडे गाडी उभी राहिली. काका घड्याळाकडे बघत होते. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. कुणी विचारलं, "काका, कुठलं स्टेशन?" काका म्हणाले, "हे स्टेशन नाही." त्यांच्या पुस्तकात स्टेशनं सोडून कुठे थांबायची सोयच नव्हती. सोलापूरला पोचलो तेव्हा पुढची गाडी निघून गेली होती. चटणीसाठीची वीस मिनिटं होती ती मात्र शिल्लक राहिली. तीन तास चटणीच घेत बसलो. ए विंगने बी विंगला सांगितलं की थेट गाडी होती म्हणे. बी विंगने त्यात भर घातली. शेवटी दोन मिनीबस ठरवल्या. होटगीचं वळण काही कुणाला दिसलं नाही.

गोलघुमटाची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६ च्या सुमाराला बांधून झाली. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा फिरतो. एका टोकाला भिंतीशी तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला, मधलं एवढं मोठं पोकळ अंतर ओलांडून, शब्द न् शब्द ऐकू येतो. टाळी वाजवली तर पुन्हा पुन्हा घुमते. गाइडने सांगितलं, आता एकेकाने भिंतीशी काहीतरी बोला. काका पलीकडच्या बाजूला एकटेच भिंतीला कान लावून उभे होते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. इकडे आमच्या खजिनदारांनी बायकोच्या कानात सांगावं तितक्या हळू भिंतीला सांगितलं, "यापेक्षा या माणसाला माथेरानला एकटं सोडून आलो असतो तर बरं झालं असतं."

आदिलशाही स्थापत्याने आपलं काम चोख केलं. काकांनी भिंतीवरून कान काढला, चष्मा पुसला आणि जिना उतरून खाली जाऊन बसले. अध्यक्षांनी टाळी वाजवून बघितली.

परत आल्यावर काकांचं बिनसलं. वेळापत्रक उघडायचे आणि मिटायचे. गोंदियाला निघाले तर मिरजेतच कुणाचं तरी तिकीट कन्फर्म नसायचं. माथेरानच्या गाडीत बसले तर मागून आवाज यायचा, "काका, विंडो द्या." ज्या पानांत ते एकटे फिरायचे त्यात आता बत्तीस माणसं बॅगा घेऊन चढली होती. त्यातच सहलीचं यश पाहून (सोसायटीत न भांडता परत येणं याला यश म्हणतात, आणि आम्ही फक्त तिथे भांडलो होतो) सेक्रेटरी पुढच्या वर्षीच्या केरळसाठी विचारून गेले. शिवाय इमारतीतल्या कुणाचाही भाचा पाटण्याला निघाला की बेल वाजायची: "काका, जरा बघून सांगता?" काका बघून सांगायचे. सांगून झालं की हात थरथरायचे. संध्याकाळी गॅलरीत नुसते बसायचे, समोरच्या बिल्डिंगचे एसी मोजत. काकूंना काळजी वाटायला लागली. आजवर त्या पुस्तकाच्या नावाने खडे फोडणाऱ्या काकू स्वतः ते कपाटावरून काढून, झटकून त्यांच्या मांडीवर ठेवायला लागल्या. "जा की हो कुठेतरी," म्हणायच्या. "निदान दौंडपर्यंत तरी जाऊन या."

उपाय काकांनीच शोधला, आणि तो बँकेपासून चालत जाण्याइतका जवळ, फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात होता. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना तिथे न्यूमनचं इंडियन ब्रॅडशॉ मिळालं. कलकत्त्याहून निघणारं, सबंध देशाच्या गाड्यांचं वेळापत्रक. ही प्रत ऐंशीच्या दशकातली, मळलेली, पाठीचा कागद गेलेला. विक्रेता म्हणाला, "साहेब, याचा काही उपयोग नाही हां. जुनं आहे." काकांनी घासाघीस न करता पैसे दिले.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर गॅलरीत पट्टी आणि लाल पेन्सिल परत आली होती. तक्ता होता मिरज–लातूर नॅरोगेजचा. बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झालेली, पुढे एकीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसरीकडे लातूरपर्यंत गेलेली अडीच फुटी गाडी. आता तिथे ब्रॉडगेज झालंय. ती गाडी, तिचे डबे, तिची चाल काही उरलेलं नाही. काका पट्टी सरकवत होते आणि ओठ हलत होते: आरग, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला.

एवढ्यात बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांच्या दिरांना आषाढीला पंढरपूरला जायचं होतं.

"काका, पंढरपूरला जायला बरी गाडी कुठली?"

काकांचा चेहरा उजळला. "ही बघा. मिरजेहून निघते. झोकात जाते."

"अय्या, छान! रिझर्वेशन मिळेल?"

"नाही."

"तत्काळमध्ये?"

"तत्काळमध्येही नाही. कधीच नाही मिळणार."

वहिनी जरा गोंधळल्या, मग माझ्याकडे बघून, मान हलवून निघून गेल्या. काकांनी पट्टी पुन्हा ओळीखाली लावली. आतून काकूंनी विचारलं, "अहो, कुठपर्यंत आलात?"

"मोडनिंब. पुढे कुर्डुवाडी."

"मग कुर्डुवाडीला उतरा आणि कोथिंबीर घेऊन या. चटणी वाटायचीय."

"कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते," काका मला म्हणाले आणि चपला शोधायला लागले.